सत्तावीस नंबरचा कागद

छांगशा, ६ सप्टेंबर २००५

शुपिंगताई,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू भुवई उडवली असशील आणि पत्र दोन दिवस न फोडता कपाटावर टाकलं असशील. फोन करणार होते. पण फोनवर आपलं कधी धड होत नाही. तिसऱ्या मिनिटाला तुझे सहा गुण निघतात आणि चौथ्या मिनिटाला मी रिसीव्हर ठेवते. म्हणून हे पत्र, भाऊजी चालवतात त्या बसनं.

काम आहे, सरळ सांगते. मी इंग्लंडला वर्षभर होते तिथे सहा-सात वर्षांच्या मुलांच्या आईबापांना एक प्रश्नावली देतात. चाळीस प्रश्न, उत्तर हो किंवा नाही. मुलात स्वमग्नतेची चिन्हं असतील तर ती लवकर लक्षात यावीत म्हणून. सोळाच्या वर गुण गेले की मूल नीट तपासायचं. इथे कमी गुण चांगले, हे ध्यानात ठेव. ही प्रश्नावली मी आपल्या भाषेत आणली आहे. पण भाषांतर झालं म्हणजे काम संपलं असं नसतं. तिथले सोळा इथेही सोळाच ठरतात का, आपल्याकडच्या आईला प्रश्न तसाच कळतो का, आज दिलेलं उत्तर ती पंधरा दिवसांनी फिरवते का, हे सगळं पडताळावं लागतं. शहरातल्या चार शाळा झाल्या. आता तालुक्याच्या गावातली एक शाळा हवी, आणि शिखौमध्ये आता मी तुझ्याशिवाय कुणाला ओळखते?

तुझ्या पहिलीच्या वर्गातल्या चोपन्न पालकांना कागद द्यायचे. वर नाव नको, फक्त हजेरीचा नंबर. पंधरा दिवसांनी तेच कागद पुन्हा भरून घ्यायचे. ज्यांचे गुण जास्त येतील त्या मुलांना आम्ही इथे बोलावून दोन दिवस तपासू. त्यासाठी बाहेरून एक डॉक्टरीणबाई आल्या आहेत. त्या एप्रिलअखेरपर्यंतच आहेत. त्यांच्यासारखं माणूस आपल्या प्रांतात दुसरं नाही.

नमुन्याचा एक कागद सोबत आहे. तुझ्या लेकीला, निंगनिंगला माझा पापा.

रूलान


शिखौ, १४ सप्टेंबर

रूलान,

पत्र दोन नाही, तीन दिवस ठेवलं होतं. तू मला पूर्ण ओळखत नाहीस याचा आनंद झाला.

सहा गुण मी काढते कारण ते होते. पंधरा वर्षांच्या होतो आपण. परीक्षेत सगळ्या तालुक्यात मी पहिली आणि तू चौथी, माझ्यापेक्षा सहा गुण खाली. पहिल्या आलेल्या मुलीला सरकारनं मास्तरकीच्या शाळेत घेतलं, पक्की नोकरी दिली, घरात सगळ्यांनी फटाके लावले. चौथी आलेली राहिली बिचारी. तिला मग कॉलेजात जावं लागलं, आणि तिथून इंग्लंडला. माझे बाबा आजारी होते, पक्की नोकरी हवी होती, यात तुझा काही दोष नाही. पण तू इंग्लंडहून आलीस तेव्हा मावशीनं तुझे फोटो माझ्याच घरी आणून माझ्याच टेबलावर पसरले होते. त्यात तू एका पुलावर लाल छत्री घेऊन उभी होतीस. ती छत्री मला अजून दिसते.

असो. तुझा कागद वाचला. भाषा स्वच्छ आहे, पण शिखौच्या बायका त्या भाषेत बोलत नाहीत. सातवा प्रश्न बघ: ‘मूल खोटं खोटं काही बनवून खेळतं का?’ मी शेजारच्या आईला विचारलं, तर ती कानाला हात लावून म्हणाली, ‘बाई, आमची पोर खोटं बोलत नाही.’ तिथे ‘काठीचा घोडा करून खेळतं का’ असं काहीतरी लिही. आणि अकरावा: ‘मुलाला इतर मुलं वाढदिवसाला बोलावतात का?’ अगं, इथे वाढदिवसाला घरात एक अंडं आणि वाटीभर नूडल्स मिळतात. कोण कुणाला बोलावणार? त्याऐवजी ‘शाळा सुटल्यावर दारात येऊन इतर मुलं याला हाका मारतात का’ असं विचार. ते सगळ्यांना कळेल.

कागद पाठव. माझा वर्ग गेली तीन वर्षं शिस्तीचा लाल झेंडा सोडत नाहीये, तेव्हा चोपन्नच्या चोपन्न कागद परत मिळतील. तुझ्या शहरी शाळांना मिळाले का?

निंगनिंग मजेत. मी तिला माझ्याच वर्गात ठेवलं आहे. आपल्या बसस्थानकावरून सुटणाऱ्या एकोणतीस गाड्यांच्या वेळा तिला पाठ आहेत, येण्याच्या आणि जाण्याच्या. स्थानकातला बाबू तिलाच विचारतो. मागच्या रविवारी शिक्षणखात्याचे साहेब आले होते, त्यांनी तिला डोक्यावर हात ठेवून ‘जिल्ह्याचं रत्न’ म्हटलं. तुझ्या चाळीस प्रश्नांत हुशारीचा प्रश्न नाही, हे मला फार विचित्र वाटलं.

शुपिंग


छांगशा, २५ सप्टेंबर

ताई,

सातवा आणि अकरावा प्रश्न बदलला. आमच्या विद्यापीठातल्या सरांना दारातल्या हाकांचा प्रश्न इतका आवडला की त्यांनी बैठकीत तो दोनदा वाचून दाखवला. आभार.

कागदांचा गठ्ठा भाऊजींकडे दिला आहे. एकच विनंती, आणि ती मनावर घे. पालकांना काही समजावू नकोस. कुठलं उत्तर चांगलं, कुठलं वाईट, यातलं एक अक्षरही नाही. त्यांना जसं वाटेल तसं भरू दे. चुकीचं उत्तर असं इथे काही नसतं.

आणखी एक, ताई. लिहू की नको असं चार दिवस चाललं होतं. निंगनिंग वर्गात इतर मुलींशी बोलते का? म्हणजे वेळा सांगण्याव्यतिरिक्त? वसंत सणाला ती जेवणाच्या टेबलाशी उभी राहून गाड्या म्हणत होती तेव्हा मी तिला मध्येच विचारलं, ‘तुला कुठल्या गाडीनं जायला आवडेल?’ तिनं पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली. सहज विचारते आहे.

रूलान


शिखौ, ९ ऑक्टोबर

रूलान,

सहज नाही विचारलंस. तू आयुष्यात काही सहज केलेलं मला आठवत नाही.

त्या दिवशी टेबलाशी काय झालं ते मीही बघितलं होतं. निंगनिंग गाड्या म्हणत होती, सगळे टाळ्या वाजवत होते, आणि मावशीनं, तुझ्या आईनं, डोळे पुसत तुझ्याकडे बघितलं. तू कोशिंबिरीची बशी उगाच सरळ केलीस. रूलान, तुझे दोन जीव पोटातच गेले, तेव्हा मी तुझ्याजवळ दवाखान्यात सतरा दिवस बसले होते. तुझ्याबद्दल मला वाईट वाटतं ते खरं वाटतं. पण म्हणून माझ्या पोरीकडे तू भिंग घेऊन बघायचं हे मी चालू देणार नाही. तुझ्याकडे कॉलेज, इंग्लंड, छत्री, पाटीवर नाव. माझ्याकडे एक गोष्ट तुझ्यापेक्षा सरस निघाली, तर लगेच तुझ्या पोटात दुखायला लागलं. त्यातही खोट काढायची आहे तुला, आणि ती मोजायला कागदही तूच आणलेला.

वर्गात ती मुलींशी बोलत नाही, कारण त्या मुली बावळट आहेत.

पहिल्या फेरीचे चोपन्न कागद सोबत आहेत. एकही कमी नाही, एकावरही डाग नाही. सत्तावीस नंबर आमचा. तो नीट बघ आणि मग माझ्याशी बोल.

यांच्याकडे धुरावलेल्या मांसाचा तुकडा दिला आहे. उकळून घे, नाहीतर खारट लागेल.

शुपिंग


शिखौ, २४ ऑक्टोबर

रूलान,

दुसऱ्या फेरीचे चोपन्न. तुझं उत्तर नाही. सत्तावीस बघितलास की नाही?

शुपिंग


छांगशा, १० नोव्हेंबर

ताई,

उत्तराला उशीर झाला, कारण काय लिहावं ते कळत नव्हतं. आता कळलं आहे.

तुझ्या वर्गाचे कागद आम्ही वापरू शकत नाही. गठ्ठ्यातले वरचे दहा मी सुतळीखालून ओढून उघडले. दहाही सारखे. पहिल्या प्रश्नाला हो, दुसऱ्याला हो, तिसऱ्याला नाही, असं शेवटपर्यंत, सगळ्यांचे गुण चार. दुसऱ्या फेरीचे दहा उघडले, तेही तसेच. एका मुलाच्या आईनं शेवटी ‘बाईंचे आभार’ असं लिहिलं आहे. ताई, तू फळ्यावर उत्तरं लिहून दिलीस ना?

मी तुला काय विनवलं होतं? तू शिक्षिका आहेस, तुला सांगितलेलं कळत नाही असं तर नाही. सरांनी बैठकीत सगळ्यांसमोर विचारलं, ‘ही कुणाची शाळा?’ मला सांगावं लागलं. माझ्या मागे दोघंजण हसले. तुझ्या लाल झेंड्यापायी माझं दोन महिन्यांचं काम आणि थोडीफार अब्रू गेली. शहरातल्या चार शाळांमध्ये एकाही बाईनं असं केलं नाही. त्यांच्या शाळांत कागद सांडलेले आले, अर्धे आलेच नाहीत, पण आले ते खरे आले.

पहिलं येण्याची तुझी सवय मला माहीत आहे. पण जिथे पहिला नंबर नसतो अशा ठिकाणीही तो काढून दाखवायचा, याला काय म्हणावं?

रूलान


शिखौ, २० नोव्हेंबर

रूलान,

हो, लिहिली फळ्यावर. सगळं सांगते.

कागद वाटल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या फाटकाशी एकवीस आया उभ्या होत्या. सगळ्यांचा एकच प्रश्न: ‘बाई, बरोबर उत्तर काय?’ मी म्हटलं, बरोबर उत्तर नसतं. त्या हसल्या. त्यांना वाटलं मी सांगत नाही म्हणजे काहीतरी मोठं आहे. चौकातल्या भाजीवाल्या लियाओच्या बायकोनं माझा हात धरला. म्हणाली, ‘बाई, वर छापलंय विद्यापीठ म्हणून. हे पोराच्या सरकारी नोंदींच्या दप्तरी जाणार. दप्तर जन्मभर मागे येतं. त्याच्या बापाच्या दप्तरात एक ओळ वाईट पडली होती, ती अजून पुसली नाही.’ ती रडायला लागली. मग दुसरी रडायला लागली. तुला हे ठाऊक नाही असं नाही. तू इथलीच आहेस. तू फक्त विसरलीस.

मग मी पालकसभा घेतली आणि फळ्यावर लिहिलं. त्यांची भीती जावी म्हणून लिहिलं, आणि माझा वर्ग तुझ्या चार शहरी वर्गांपेक्षा चांगला दिसावा म्हणूनही लिहिलं. दुसरं कारण लपवत नाही. तू त्या कागदांवरून बोट फिरवशील आणि एकदा तरी म्हणशील, शुपिंगच्या वर्गात काही खोट नाही, एवढंच मला हवं होतं.

तुझी अब्रू गेली याबद्दल माफी मागते. हे वाक्य लिहायला एक दिवस लागला.

आता मला एक सांग. तू लिहितेस, दहा उघडले. सगळे नाही वाचलेस? सत्तावीस वाचलास का?

शुपिंग


छांगशा, २ डिसेंबर

ताई,

माफी पोचली.

नाही, सगळे वाचले नाहीत. दहा सारखे निघाल्यावर उरलेल्यांची गरज नव्हती. निंगनिंग रत्न आहे हे मला कागदावरून वाचायला नको, ते मी सहा महिने आईच्या तोंडून ऐकतेच आहे.

तुझ्या जागी बाजूच्या तालुक्यातली शाळा घेतली आहे. गठ्ठा कपाटात ठेवला आहे, हवा तर परत पाठवते.

रूलान


छांगशा, ११ मे २००६

शुपिंगताई,

पाच महिने झाले. वसंत सणाला तू आली नाहीस. भाऊजी मांस देऊन दारातूनच परतले. मी त्यांना पत्र आहे का विचारलं, तर म्हणाले, ‘या खेपेला नाही.’ मला वाटलं, रुसली आहे, रुसू दे.

काल आम्ही खोली बदलत होतो. डॉक्टरीणबाई एप्रिलच्या शेवटी गेल्या. त्यांचं कपाट मला मिळालं, म्हणून माझं जुनं कपाट रिकामं करत होते. तुझा गठ्ठा तळाशी होता. त्याची सुतळी तू बांधलेली, तुझी ती दुहेरी गाठ. ती सुटेना म्हणून कापली आणि कागद जमिनीवर पसरले. मी ते उचलत होते. सगळे निळ्या शाईचे, आणि त्यांत एक पेन्सिलीचा.

ताई, मी तो जमिनीवर बसूनच वाचला. इतक्या वेळा खोडून पुन्हा लिहिलंयस की अकराव्या प्रश्नापाशी कागद फाटला आहे. अकरावा, दारातल्या हाकांचा. तुझाच प्रश्न. तिथे तू ‘हो’ लिहून खोडलंस, पुन्हा ‘हो’ लिहून खोडलंस आणि शेवटी बारीक अक्षरात ‘नाही’ लिहिलंस. ‘मूल एकाच गोष्टीबद्दल बोलत राहतं का?’ हो. ‘बोलताना तुमच्याकडे बघतं का?’ नाही. ‘नेहमीचा क्रम बदलला तर फार कासावीस होतं का?’ हो, आणि त्याच्या शेजारी समासात: ‘बसचं वेळापत्रक बदललं तेव्हा तीन दिवस जेवली नाही.’ मी गुण मोजले. बावीस. दुसऱ्या फेरीचा सत्तावीस शोधला. तोही पेन्सिलीचा, तोही बावीस. त्रेपन्न कागद खोटे होते आणि जो एक खरा होता तो तू माझ्या हातात दोनदा दिलास, आणि बघ म्हणून तीनदा सांगितलंस.

आता माझी बाजू. तू लिहिलंस तसं मीही काही लपवत नाही.

वसंत सणाच्या त्या जेवणाच्या वेळीच मला कळलं होतं. ती गाड्या म्हणत होती आणि कुणाच्याही तोंडाकडे बघत नव्हती. माझं कामच ते आहे, मला न कळून कसं चालेल? सगळे टाळ्या वाजवत होते, आई माझ्याकडे बघत होती, आणि ताई, मला बरं वाटलं. काही क्षणच, पण वाटलं. शुपिंगच्या पोरीत काहीतरी आहे, आणि ते इथे फक्त मला दिसतंय. माझी दोन गेली आणि तिची एक आहे, पण ती एकही पूर्ण नाही. असं माझ्या मनात आलं. बशी मी त्यासाठी सरळ केली. तू बरोबर बघितलं होतंस, फक्त तुला वाटलं त्याहून ते वाईट होतं.

मग मी सहज म्हणून विचारलं आणि तू चिडलीस. त्यानंतर काही बोलायची मला भीती वाटू लागली. बोलले तर मत्सर, आणि खरंच मत्सर होता, मग मला दिसलेलं खरं की मत्सरानं दिसलेलं, हे मलाच ठरवता येईना. तुझे कागद सारखे निघाले तेव्हा मी सुटले. सर म्हणाले होते, ‘वगळायचे तर वगळा, पण आधी चोपन्नही उघडून वाचा.’ मी त्यांना वाचले म्हणून सांगितलं. खोटं सांगितलं. सत्तावीस उघडला तर तिथे चार गुण आणि तुझं नाक वर दिसणार, असं वाटून उघडला नाही. तुझा वर्ग वगळायची चिठ्ठी लिहिताना माझ्या हाताला जरा जास्तच वेग होता.

आणि एक राहिलं. दारातल्या हाकांचा प्रश्न सरांना आवडला तेव्हा तो तुझा आहे हे मी सांगितलं नव्हतं. आज सांगितलं. त्यानं आता काय होणार आहे, मला माहीत नाही.

डॉक्टरीणबाई गेल्या. हे सगळं नोव्हेंबरमध्ये उघडलं असतं तर निंगनिंगला पाच महिने मिळाले असते. हे पत्र वाचून तू फाडशील तर फाड.

रूलान


शिखौ, २२ मे

रूलान,

फाडलं नाही. शाळेत खडूच्या पेटीत ठेवलं आहे, कारण तिथे हे हात घालत नाहीत.

तुझं पत्र आलं त्या दिवशी दुपारच्या सुट्टीत वाचलं. मुलं डोकी बाकावर टेकून झोपली होती. निंगनिंग झोपत नाही, ती खिडकीशी उभी राहून रस्त्यावरच्या गाड्यांच्या पाट्या वाचत होती. मला फार राग आला. तू म्हणशील कशाचा, तर त्या ‘बरं वाटलं’चा. तो राग अजून आहे. काही दिवस राहील. तो गेला की कळवीन.

पण तू विचारलं नाहीस ते सांगते. फळ्यावर ती उत्तरं मीच लिहिली. सभा संपली, बायका गेल्या, मी एकटीच वर्गात माझा स्वतःचा कागद घेऊन बसले. समोर फळा, चाळीस उत्तरं माझ्याच सुबक अक्षरात. नुसती उतरवायची होती. हात चालेना. इतकी वर्षं मी पोरांना सांगते, दुसऱ्याचं बघून लिहू नका. मग मी शाईचं पेन ठेवलं आणि पेन्सिल घेतली. पेन्सिल म्हणजे पुसता येईल असं वाटलं. पुसलं नाही.

तुला तोंडानं का नाही सांगितलं? कारण तुला सांगायचं म्हणजे हरल्याची कबुली द्यायची. तू उत्तरात काहीतरी समजूतदार लिहिलं असतंस, आणि ते मला सोसलं नसतं. कागदाला सांगणं सोपं होतं. कागद इंग्लंडला गेला नव्हता. आणि नऊ ऑक्टोबरचं ते पत्र, भिंगाचं आणि पोटदुखीचं, मी त्याच दुपारी लिहिलं, कागद पाकिटात घालून झाल्यावर. तुला शिव्या देत होते आणि मनात म्हणत होते, बघ गं बाई, एकदा उघडून बघ. तुझं दोन डिसेंबरचं पत्र आल्यावर मी ठरवलं की बघितलं असून तू मुद्दाम गप्प बसलीस. म्हणून सणाला आले नाही. तू मला वाईट समजत होतीस, त्याहून मी तुला वाईट समजत होते.

सोळाची मर्यादा आणि माझ्या पोरीला बावीस. बघ, पुन्हा सहाच गुण जास्त. सहा गुण जास्त मिळवून मागे राहायचं, हे आमच्या घराण्यातच आहे. मी हे यांना हसत सांगितलं, तर हे उठून बाहेर गेले आणि बस धुवायला लागले. ती सकाळीच धुतली होती.

आता काम. तुझं पत्र वाचल्यावर मी पुन्हा पालकसभा घेतली. या वेळी फळा ओल्या फडक्यानं पुसला आणि त्याच्याकडे पाठ करून उभी राहिले. म्हटलं, बायांनो, मागच्या वेळी मी चुकीचं शिकवलं. भाजीवालीनं पुन्हा दप्तराचं काढलं. मी म्हटलं, सगळ्यांत वाईट ओळ माझ्याच पोरीची आहे, आणि मी ती लिहून दिली. मग तीच भाजीवाली म्हणाली, ‘द्या तो कागद.’

तीन दिवसांत कागद आले. सोबत पाठवते आहे. या खेपेला लाल झेंडा मिळणार नाही: सहा आलेच नाहीत, चौदांवर तेलाचे डाग आहेत, एकीनं सगळ्या प्रश्नांना ‘आमची आजी सांगेल’ असं लिहिलं आहे. दोन मुलांचे गुण माझ्या हिशेबानं सोळाच्या वर जातात. त्यांतला एक भाजीवालीचा. तिला अजून सांगितलं नाही. सांगायचं कसं ते तू शिकली असशील, मला ते येत नाही.

डॉक्टरीणबाई गेल्या म्हणून तू तुझे पाच महिने मोजत बसली आहेस. त्या गेल्या, तू तर अजून आहेस ना? इतकी वर्षं काय शिकलीस मग, नुसती छत्री उघडायला?

एकतीसला दुआनवू, होड्यांच्या शर्यतींचा सण आहे. बांबूच्या पानातला भात मी बांधते, तुझ्यासाठी मिरची वेगळी. सकाळी नऊ पंधराची गाडी घे, ती यांची आहे. ती दोन वाजून वीस मिनिटांनी लागते. उशीर करू नकोस. गाडी उशिरा आली तर निंगनिंग जेवत नाही. ती स्थानकावर तुला नमस्कार करणार नाही, तुझ्याकडे बघणारही नाही. तिला गाडीचा नंबर विचार, मग ती तुझ्या शेजारून चालेल.

गठ्ठ्यात सत्तावीस नंबर शोधू नकोस, तो मी रिकामाच घरी ठेवला आहे. आई म्हणून मी तो दोनदा भरला. आता दोन दिवस तिच्याजवळ बस आणि मावशी म्हणून तू भर.

शुपिंग